कीटण विरघळवणाऱ्या लवंग तेलाने आमची केलेली फसवणूक

आईच्या हिरड्यांतून दोन वर्षं रक्त येत होतं. त्यात तिला साखर. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "कीटण खूप साचलंय, दात साफ करून घ्या." पण मशीन लावलं की दात हलायला लागतात, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घरोघरी असलेली ही भीती आम्हाला फसवणाऱ्याने नेमकी हेरली.

मंगल कार्यालयात ग्राहकपेठ भरली होती. एका स्टॉलवर '१०० टक्के शुद्ध लवंग तेल'. मागे इंग्रजी शोधनिबंधाची लॅमिनेट केलेली पानं, त्यात 'बायोफिल्म' हा शब्द पिवळ्या रंगाने ठळक केलेला. "ताई, मशीन कशाला? हे रोज हिरडीला चोळा, कीटण आपोआप सुटेल." मग त्याने पेल्यात अंड्याचं कवच टाकून वरून एका बाटलीतलं काहीतरी ओतलं. फसफसून बुडबुडे आले आणि कवच विरायला लागलं. ते पाहून मी तिथल्या तिथे १,४५० रुपये मोजले आणि तीन बाटल्या घेतल्या.

आई चार महिने रोज रात्री ते तेल लावत होती. लावलं की हिरडी बधिर व्हायची, ठणका थांबायचा. म्हणून आम्हाला गुण येतोय असं वाटत राहिलं. पाचव्या महिन्यात भाकरीचा तुकडा तोडताना खालचे पुढचे दोन दात हलले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली आणि पाण्याच्या पेल्यात एक थेंब सोडला. शुद्ध लवंग तेल पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाला जातं. आमचा थेंब वर तरंगत पसरला. वासापुरती लवंग, बाकी दुसरंच हलकं तेल. अंड्याच्या कवचाचंही त्यांनी सांगितलं. ते कवच चुन्याचं, व्हिनेगर ओतलं तरी फसफसतं. कीटण विरघळवेल असं आम्ल तोंडात घातलं तर आधी दातच झिजतील.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्याच्या बोलण्यात निम्मं खरं होतं. लवंगेतलं युजेनॉल जंतू मारतं, ओव्यातलं थायमॉलही मारतं. थायमॉल, निलगिरी, पुदिना असलेली माउथवॉशं ब्रशच्या जोडीला वापरली तर प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा थर, आणि हिरड्यांची सूज कमी होते. पण प्लाकमधले जंतू स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात दडून बसतात; त्या पानांवरचं 'बायोफिल्म' ते हेच. प्रयोगशाळेतल्या काचेवर जे मरतात, ते दातावर तितक्या सहज मरत नाहीत. आणि तो थर काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा होतो, तेच कीटण. त्यावर कुठलंच तेल चालत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. दात हलतात ते मशीनमुळे नाही. कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, साफ केल्यावर ते कळतं एवढंच.

दोन वेळा बसून आईचे दात साफ झाले, काही आठवड्यांत रक्त थांबलं. गेलेलं हाड मात्र परत येणार नाही.

घरी येऊन मी बाटलीचं लेबल नीट वाचलं. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. मोबाइल नंबर आहे, तो बंद. आयोजक म्हणाले, स्टॉलचं भाडं रोख घेतलं होतं, नाव लिहून ठेवलेलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण मी पावतीच मागितली नव्हती, त्यामुळे पुरावा म्हणून माझ्याकडे आहेत त्या फक्त या बाटल्या.