स्पेअर पार्ट: काउंटरवरून की कुरियरने?

मोटरसायकलचे पार्ट ऑनलाइन स्वस्त पडतात, यात वादच नाही. फरक कधी कधी इतका असतो की पार्टवाला आपल्याला लुटतोय असं वाटायला लागतं. मी गाडीचं बरंचसं काम घरीच करतो आणि दोन्हीकडून माल घेतो. माझा हिशेब साधा आहे. पार्टवर कोरलेला आकडाच सगळं सांगत असेल तर ऑनलाइन. पार्ट ओळखायलाच माणूस लागत असेल तर काउंटर.

चाकाचं बेअरिंग घ्या. ६३०२ म्हटलं की आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा ४२ आणि जाडी १३. बनवणारा कोणीही असो, माप तेच. दोन्ही बाजूंना रबरी सील आहे ना, एवढं बघायचं. नामांकित शिक्क्याचा डुप्लिकेट माल बेअरिंगमध्येही भरपूर आहे, म्हणून विकणारा अधिकृत आहे का ते आधी तपासतो आणि मगच ऑर्डर टाकतो. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. इथे तर ऑनलाइनच बरं पडतं, कारण दुकानातल्या खोक्यात वर्षानुवर्षं पडलेलं सील बोटाने दाबलं तर दबतच नाही. असलं कडक सील बसवून फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) तेल गळायला लागलं, की काम पुन्हा पहिल्यापासून.

चेन सेटची गोष्ट मात्र निराळी. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही चेनची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, एकच, १५.८७५ मिमी, फरक असतो तो रुंदीत. त्यामुळे फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात. मी मागवलेल्या सेटवर माझ्या मॉडेलचं नाव ठळक छापलेलं होतं, चेनही बरोबर होती. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, चाकाच्या हबवर ठेवलं आणि बोल्टची भोकं जुळेनात. पार्टवाल्याकडे गेलो तर त्याने मॉडेलचं नाव विचारलंच नाही. म्हणाला, ‘चेसिस नंबर सांगा.’ कॅटलॉगमधली सुट्या भागांची आकृती उघडली आणि दाखवलं, की याच नावाच्या गाडीचा हब मध्येच बदललाय आणि दोन्हींचे पार्ट नंबर वेगळे आहेत. स्प्रॉकेट पुढे सरकवताना वर आणखी विचारलं, ‘लॉक प्लेट आहे का? जुनी परत वाकवू नका, तुटते.’ बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून वाकवून बसवायची ती एवढीशी पत्री ऑनलाइन सेटमध्ये नव्हतीच. माझ्या मते तिथे जास्तीचे पैसे या प्रश्नाचे असतात, आणि ते मी खुशीने देतो.

ब्रेक पॅडच्या बाबतीत तर मी घासाघीसही करत नाही. पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘एचएच’ म्हणजे दोन्ही वेळा घर्षणांक ०.५५ च्या वर. पण अक्षरं काय, कोणीही छापतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या जोडीचा होलोग्राम झकास होता, बॉक्सही कंपनीचा वाटावा असा. पॅड हातात घेतला तर पत्र्याच्या कडेला कानशीने काढावी लागेल एवढी धार, आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, तो सरकायच्या ऐवजी अडकत होता. अडकलेला पॅड लिव्हर सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते. पैसे परत मिळाले, तक्रार नाही. पण तोवर गाडी स्टँडवर चाक काढून उभी. काउंटरवर हाच प्रकार पाच मिनिटांत मिटला असता.

आता पार्टवाल्याचं कौतुक पुरे. हवा तो पार्ट नेमका नसतो. ‘दोन दिवसांनी या’ म्हणजे आठवडा धरायचा. कंपनीचा मागितला तर आधी लोकल पुढे करून ‘हाच चालतो, सगळे हाच नेतात’ हे ऐकवणारेही आहेत. बॉक्सवरचा पार्ट नंबर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इलेक्ट्रिकल माल एकदा दिला की परत नाही, मग सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पहिल्याच किकला बंद असला तरी. आणि ऑनलाइन आणलेला पार्ट मेकॅनिककडे नेला तर तो बसवून देईल, पण पुढे काही झालं तर हात झटकेल. त्याची बाजू मला पटते.

टायर मी नेहमी समोर बघून घेतो. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: ३५२३ असेल तर २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. ऑनलाइन फोटोत ते कधीच दिसत नाहीत, आणि विचारलं तर ‘फ्रेश स्टॉक’ एवढंच उत्तर येतं. ब्रेक ऑइलचाही डबा सीलबंदच घेतो, कारण ते हवेतली ओल ओढतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. त्यामुळे काउंटरवरच्या उघड्या डब्यातून ‘थोडंसंच’ देऊ करणाऱ्या ओळखीच्या पार्टवाल्यालाही मी नाही म्हणतो.

ग्रिप, आरसे, लिव्हर, मोबाइल होल्डर, टँक पॅड हे सगळं बिनधास्त ऑनलाइन मागवा. क्लच केबल मात्र जुनी हातात घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी धरून लांबी बघा, कारण हँडल बदललेलं असेल तर कॅटलॉगही चुकतो.