सोरायसिसचं इंजेक्शन: मूळ की बायोसिमिलर, आणि मधेच बदललं तर?

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाने फ्रीजमधून इंजेक्शनचा खोका काढला, तर तो नेहमीचा नव्हता. औषध तेच, अडालिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, कंपनी दुसरी. ‘तो माल आला नाही, हेही सेमच आहे,’ असं सांगून दुकानातून दिलं होतं. डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं. भावाने टोचून घेणं दुसऱ्या दिवसावर ढकललं आणि रात्रभर त्याची पाठ खाजत राहिली. नवीन औषधाचा एक थेंबही अजून अंगात गेला नव्हता.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. ज्यांना निवड करायची आहे त्यांच्यासाठी, मला जे समजलं ते लिहिते.

आधी एक गोष्ट. बायोसिमिलर म्हणजे मूळ कंपनीच्या अशा औषधासारखं दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध; ते जेनेरिक नव्हे. क्रोसिनच्या जागी दुसरं पॅरासिटामॉल घेतलं तर रेणू तोच असतो. अडालिमुमॅब हे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं भलं मोठं प्रथिन आहे. त्याची हुबेहूब नक्कल होत नाही, अगदी जवळचं जुळं होतं. पण मूळ औषधाच्याही दोन बॅचमध्ये थोडा फरक असतोच, आणि वर्षानुवर्षांत त्याची बनवण्याची पद्धतही बदलत जाते. म्हणजे ‘मूळ’ घेणारासुद्धा काटेकोर अर्थाने तेच ते घेत नसतो. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी चाचण्यांनी घालवली. अदलाबदल तपासायला संशोधक सोरायसिस मुद्दाम निवडतात, कारण इथे परिणाम कातडीवर दिसतो आणि मोजता येतो. डोकं, हात, धड, पाय अशा चार भागांत लाली, जाडी आणि खपल्या बघून ० ते ७२ असा पासी स्कोअर काढतात. शिवाय संधिवाताच्या रुग्णांना बहुधा सोबत मेथोट्रेक्सेट असतं, ते औषधाविरुद्धच्या अँटिबॉडी दाबून ठेवतं. सोरायसिसच्या अशा चाचण्यांत ते नसतं, त्यामुळे शरीराने नवीन औषध नाकारलं तर ते झाकलं जात नाही.

तीन चाचण्या लक्षात ठेवण्यासारख्या. ‘इगॅलिटी’त सोरायसिसचे ५३१ रुग्ण होते आणि औषध एटानरसेप्ट, अडालिमुमॅबसारखंच एक इंजेक्शन. १२ आठवड्यांनी पासी ७५ टक्के सुधारलेले रुग्ण बायोसिमिलरवर ७३.४ टक्के, मूळ औषधावर ७५.७ टक्के. पुढे काहींना दर सहा आठवड्यांनी या औषधावरून त्या औषधावर नेलं, तरी वर्षभरात लक्षात घ्यावा असा फरक पडला नाही. ‘व्होल्टेअर-एक्स’मध्ये २३८ जणांपैकी निम्मे अडालिमुमॅबच्या मूळ औषधावर, म्हणजे ह्युमिरावर, राहिले आणि निम्म्यांना तीनदा बदललं; रक्तातली औषधाची पातळी जुळली. त्यावरून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सिल्टेझो हे अमेरिकेतलं अडालिमुमॅबचं पहिलं ‘इंटरचेंजेबल’ बायोसिमिलर ठरलं. तिसरी नॉर्वेची ‘नॉर-स्विच’, सरकारी पैशाने झालेली, इन्फ्लिक्सिमॅब या त्याच जातीच्या औषधाची, ४८२ रुग्णांवर. आजार बळावला मूळवर राहिलेल्यांपैकी २६ टक्के जणांत, बदललेल्यांपैकी ३० टक्के जणांत. आधीच ठरवलेल्या मर्यादेच्या आतच. मात्र त्यात सहा आजार एकत्र होते आणि सोरायसिसचे रुग्ण जेमतेम ३५. त्यामुळे सोरायसिससाठी मी पहिल्या दोन चाचण्यांना जास्त वजन देईन.

‘इंटरचेंजेबल’ हा दर्जाचा शिक्का नाही, हेही ध्यानात घ्या. डॉक्टरांना न विचारता केमिस्टला बदलून देता येईल, एवढाच त्याचा अमेरिकेतला अर्थ. युरोपच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये सगळीच मान्यताप्राप्त बायोसिमिलर अदलाबदलीला योग्य मानली, आणि अमेरिकेच्या एफडीएनेही २०२४ च्या मसुद्यात अशा वेगळ्या चाचण्यांची सहसा गरज नाही असं म्हटलं.

आता आपल्याकडचं. इथे यांना ‘सिमिलर बायोलॉजिक’ म्हणतात. नियमावली २०१२ ची, सुधारणा २०१६ ची. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, एक्झेम्प्टिया, झायडस कॅडिलाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये भारतातच आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. नंतर इतरही आली. म्हणून आपला खरा प्रश्न बहुधा मूळ की बायोसिमिलर हा नसतोच. या बायोसिमिलरवरून त्या बायोसिमिलरवर जायचं का, हा असतो. आणि चाचण्या प्रत्येकाची तुलना मूळ औषधाशी करतात, एकमेकांशी सहसा नाही.

म्हणून माझं मत असं. नव्याने सुरू करत असाल तर बायोसिमिलर घ्या; वाचलेल्या पैशात उपचार अर्धवट सुटणार नाही, आणि मधेच खंड पडणं हे कंपनी बदलण्यापेक्षा जास्त घातक. मूळवर स्थिर आहात आणि खर्च झेपतोय, तर बदलायची घाई नाही. झेपत नसेल तर डॉक्टरांशी बोलून एकदाच, ठरवून बदला. पण दुकानात जे असेल ते दर पंधरवड्याला, याला माझा ठाम नकार आहे. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं देऊ नये असं औषध नियमांतलं कलम ६५ सांगतं. शिवाय दर वेळी कंपनी वेगळी असेल, तर त्रास कशाने झाला ते शोधणार कसं? ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून टीबीची तपासणी मूळ आणि बायोसिमिलर दोन्हींसाठी सारखीच हवी, आपल्या देशात तर नक्कीच. टोचताना होणारी जळजळ मात्र वेगळी असू शकते. ज्यात सायट्रेट (औषधात मिसळलेला एक क्षार) नाही ते कमी झोंबतं. ते आधी विचारून घ्या.

भावाच्या त्या रात्रीच्या खाजेला डॉक्टरांनी नोसिबो म्हटलं: वाईट होणार या धास्तीनेच जाणवणारा त्रास. त्यांनी त्याला रागावलं नाही. आधी चट्टे मोजले. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. तीन तळहात भरले. मग दोन महिन्यांनी, औषध पुरेसं उपलब्ध असलेली एक कंपनी ठरवून, त्याला समजावून बदल केला. आता फ्रीजच्या दारावर एक वही लटकते. तारीख, कंपनी, बॅच नंबर, किती तळहात. काल रविवारी त्याने स्वतः लिहिलं: दोन.