दुकान छान, पण चिठ्ठीवर जाऊ नका

क्लीव्हलंडपासून तासाभरावर एक मोठ्ठं अँटिक मॉल आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत हो, फक्त ठोकून देतात. तिथून गेल्या महिन्यात बिडाचं ८ नंबरचं स्किलेट, म्हणजे दांड्याचा तवा, घेतलं, ६५ डॉलर. चिठ्ठीवर 'ग्रिसवोल्ड, १८८०' (बिडाच्या भांड्यांची जुनी नावाजलेली कंपनी) आणि उलटं करून बघितलं तर नाव कुठेच नाही. काउंटरवरचे आजोबा म्हणाले, ग्रिसवोल्डचा कारखाना इथे जवळच ईरी शहरात होता, मग दुसऱ्या कुणाचं असणार! हे म्हणजे कोल्हापुरात दिसली म्हणून प्रत्येक चप्पल कोल्हापुरी.

भांडं मात्र आवडलं. आतून इतकं गुळगुळीत की नुसता हात फिरवत बसावं, काचेच्या शेगडीवर डुगडुगत नाही, टिचकी मारली तर टण्णकन वाजतं म्हणजे तडा नाही. जुन्या भांड्यांत लोक शिसं वितळवायचे म्हणून टेस्ट किट लावून बघितलं, तेही ठीक.

मग ओव्हन क्लीनर मारून दोन दिवस पिशवीत बांधून ठेवलं, काळा थर निघाला आणि खालचं खरं दिसायला लागलं. तळाला जी गोल कड असते ना, हीट रिंग, तिला तीन ठिकाणी खाचा! ही लॉजची खूण, टेनेसीतली कंपनी, १८९६ पासून चालू आहे आणि अजूनही आहे. 'मेड इन यूएसए' कुठे नाही म्हणजे बहुतेक १९६० च्या आधीचं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या बीएसआर (बर्मिंगहॅम स्टोव्ह अँड रेंज) कंपनीचं असतं तर दांड्याखालची धार थेट भांड्याच्या भिंतीला जाऊन भिडली असती, इथे तसं नाही. आणि खरंच १८८० चं असतं तर तळावर बहुधा आडवा उंच ओरखडा दिसला असता, गेट मार्क म्हणतात त्याला, तेव्हा तळातूनच बीड ओतायचे आणि थंड झाल्यावर तिथून तोडायचे, त्याचा व्रण. आणि हो, ८ म्हणजे इंच नाही, जुन्या चुलीच्या भोकाचा नंबर आहे तो, भांडं साडेदहा इंच भरतं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, अगं हा आपला घावनांचाच तवा, दांडा तेवढा लावलाय, आणि आपल्या तव्यावर कुठे कुणाचं नाव आहे? बरोबर आहे, पण आपण तो ६५ डॉलरला नाही घेतला ना आई!

घावनं मात्र अशी सुटली की काय सांगू, तेल पुसण्यापुरतं. भांड्याला ५, दुकानाला ३ स्टार, एक कापला चिठ्ठीसाठी आणि एक मी फोन करून सगळं सांगितल्यावर नुसते हसले म्हणून. शनिवारी परत गेले तर त्याच जागेवर दुसरं स्किलेट, चिठ्ठी तीच, १८८० वाली, आणि तळाला ठळक अक्षरांत 'मेड इन यूएसए'.