शिराझचे नाव आणि फेसेंजानची चव

लॉस एंजेलिसमधील वेस्टवुड बुलेव्हार्डवर इराणी दुकानांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका लहानशा रेस्टॉरंटमध्ये गेल्या महिन्यात आम्ही चौघे जेवलो. इराणी म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाला बनमस्का आणि चहा आठवतो. येथे त्यातले काहीच मिळत नाही. स्वयंपाक घरगुती वळणाचा आणि फार चांगला आहे. वाइनच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

रेड वाइन तीनच होत्या: कॅबर्ने सॉव्हिन्यों, पिनो न्वार आणि ऑस्ट्रेलियाची शिराझ. वेटरने सगळ्याच पदार्थांसोबत शिराझ घेण्याचा आग्रह केला, कारण त्याच्या मते ते द्राक्ष मूळचे इराणमधील शिराझ शहराचे आहे. नाशिकच्या शिराझची बाटली उघडतानाही आपल्याकडे हीच कथा हौसेने सांगितली जाते, पण ती खरी नाही. शिराझ म्हणजेच सिरा ही द्राक्षाची जात. आणि तिचे दोन्ही पालक, दुरेझा व माँद्यूज ब्लांश, हे आग्नेय फ्रान्समधील असल्याचे १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणीतून सिद्ध झाले आहे. इराणची वाइन-परंपरा खरोखरच प्राचीन आहे, झाग्रोस पर्वतातील हाजी फिरूझ टेपे येथे सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाइनचे अंश सापडले आहेत; परंतु त्या परंपरेचा या बाटलीशी संबंध नाही.

आग्रह मानला आणि फेसेंजानसोबत शिराझ घेतली. अक्रोडाचे वाटण डाळिंबाच्या आटवलेल्या रसात तेल सुटेपर्यंत शिजवून केलेला हा चिकनचा दाट, काळपट रस्सा आंबटगोड आणि अतिशय रुचकर होता, पण वाइनच्या दुसऱ्याच घोटाला अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ कोरडी पडली. अक्रोडाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तोंड कोरडे करणारे तुरट द्रव्य, असते, तसे ते द्राक्षाच्या सालीतही असते, आणि शिराझमध्ये ते भरपूर असल्याने तुरटावर तुरट चढते. पिनो न्वारचे द्राक्ष पातळ सालीचे असते; त्यामुळे त्या वाइनमध्ये टॅनिन कमी आणि आंबटपणा पुरेसा असतो, म्हणूनच ती डाळिंबाच्या आंबटपणापुढे फिकी पडली नाही. माझ्या मते फेसेंजानला तीच योग्य आहे.

तीच शिराझ कुबिदे, म्हणजे खिम्याच्या कबाबासोबत मात्र अगदी वेगळी लागली. खिम्यातील चरबी आणि प्रथिने टॅनिनची धार बोथट करतात, आणि सिराचा मूळचा मिऱ्यासारखा वास कोळशावर भाजलेल्या मांसाला शोभून दिसतो. वर सुमाकची आंबट, तांबडी पूड भुरभुरवल्यावर तर अधिकच.

घोर्मे सब्जी या रस्साभाजीने थोडे कोड्यात टाकले. पार्स्ली, कोथिंबीर, मेथी, राजमा आणि वाळवलेले काळे लिंबू असा तिचा हिरवा, कडसर कारभार असतो. कॅबर्ने सॉव्हिन्योंमध्ये ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास असतो म्हणून ती मागवली. पण कडक उन्हात द्राक्ष पूर्ण पिकले की तो वास जवळजवळ नाहीसा होतो, आणि कॅलिफोर्नियाच्या त्या बाटलीत उरला होता तो केवळ जॅमसारखा गोडसरपणा. येथे तिच्या दोन पालकांपैकी एक, कॅबर्ने फ्राँ, आणि तीही फ्रान्समधील लुआर खोऱ्यासारख्या थंड प्रदेशातली, हवी होती.

आणखी एक तक्रार अशी की बाटल्या स्वयंपाकघराच्या दाराशी उघड्या फळीवर ठेवलेल्या असतात आणि वाइन कोमट येते. बर्फाची बादली मागितल्यावर वेटरला नवल वाटले, पण त्याने ती आणून दिली. दहा मिनिटांत पिनो न्वार पिण्याजोगी झाली.

तहदीग, म्हणजे भाताची तळाशी धरलेली सोनेरी खरवड, अवश्य मागवावी. ती लवकर संपते, म्हणून बसल्याबसल्याच सांगून ठेवावे. बाहेरून आणलेली बाटली उघडण्याचे हे लोक २० डॉलर घेतात. पुढच्या वेळी मी घरून कॅबर्ने फ्राँ घेऊन जाणार आहे.