आठवडी रेफरल गट, दीड वर्षानंतर: ‘एका धंद्याचा एकच सभासद’ हा नियम माझ्या कामाचा नाही

गटाच्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा मेसेज आलाय. फी भरायची शेवटची तारीख ठळक अक्षरात आहे, म्हणून भरायच्या आधी सगळं एकदा लिहून काढतोय. सकाळी सातला हॉटेलात जमायचं, मिनिटभरात आपल्या धंद्याची ओळख द्यायची, एकमेकांना ओळखीतल्या गिऱ्हाइकांच्या (रेफरलच्या) चिठ्ठ्या द्यायच्या आणि गैरहजर राहणार असाल तर बदली माणूस पाठवायचा. असे गट कसे चालतात हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. गटाचं नाव देत नाही. शहरात असे बरेच आहेत आणि मला जे म्हणायचंय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडतं.

माझं सांगतो, म्हणजे कोणत्या जागेवरून बोलतोय ते कळेल. भोसरी एमआयडीसीत गाळा, एक व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभं मिलिंग मशीन), एक जुनं मिलिंग, एक लेथ, हाताखाली एक हेल्पर. जिग-फिक्श्चर (काम करताना पार्ट जागेवर पक्का धरणारी साधनं) आणि सुटे पार्ट बनवतो. कोटेशन, प्रोग्रॅम, सेटिंग, डिस्पॅच आणि महिन्याच्या शेवटी पेमेंटसाठी फोन, सगळं मीच. एकट्याने धंदा करणाऱ्याला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर अडल्यानडल्याला उभी राहणारी माणसं. गटात गेलो ते याचसाठी. ऑर्डरी मिळाल्या तर उत्तमच, पण तो माझा मुख्य हेतू नव्हता.

पहिले काही महिने मी या गटाचं कौतुक करत फिरायचो. आमचा सीए तिथेच भेटला. विम्याचं काम करणाऱ्या सभासदाने गाळ्यात येऊन माझी फायर पॉलिसी वाचली आणि मशीन बंद पडण्याचा त्यात काही संबंध नसतो, मशिनरी ब्रेकडाउनची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, हे समजावून सांगितलं. त्यातही नुसत्या झिजेचे पैसे मिळत नाहीत हेही त्याने आधीच सांगितलं. प्रामाणिक माणूस. पॅकेजिंगवाल्याने फिक्श्चर पाठवायला लाकडी पेट्या योग्य भावात करून दिल्या. एक मिनिटात आपलं काम परक्या माणसाला समजेल असं सांगायची सवय लागली, ती आजही ग्राहकाच्या परचेसवाल्यासमोर उपयोगी पडते.

आणि तेव्हा मला तो नियम आवडायचा. एका धंद्याचा एकच सभासद. प्रिसिजन मशीनिंगच्या जागेवर मी, म्हणजे दुसरा मशीन शॉपवाला आत येऊच शकत नाही. फी भरताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त रंगवून सांगतात: तुमची जागा राखीव, तुमची स्पर्धा दाराबाहेर.

मग एका बुधवारी संध्याकाळी माझ्या व्हीएमसीच्या स्पिंडलचा, म्हणजे टूल धरून फिरणाऱ्या दांड्याचा, आवाज बदलला. चार हजार आरपीएमच्या वर गेलं की घरघर. टेस्ट बार (तपासणीचा सरळ दांडा) लावून मोजमापाचा डायल टेकवला, तर सुई मिलिमीटरचे पाच शतांश झुलत होती. जिथे बोअरला (अचूक भोकाला) एक शतांशही जास्त होतो, तिथे हे म्हणजे मशीन बंद. गुरुवार आपल्याकडे एमआयडीसीच्या सुट्टीचा वार. सर्व्हिस इंजिनिअर शुक्रवारी आला, स्पिंडल उतरवून दुरुस्तीला न्यावा लागेल म्हणाला, आणि किती दिवस ते सांगेना. सोमवारी चाकणला ग्राहकाकडे ट्रायल. फिक्श्चरची बेस प्लेट अर्धी झालेली, दोन ब्रॅकेट आणि लोकेटरची सगळी बोअर बाकी.

गटावर मेसेज टाकला. उत्तरं लगेच आली आणि सगळी मनापासून होती. इंटिरियरवाल्याने विचारलं, पैशाची अडचण आहे का. डिजिटल मार्केटिंगवाल्या ताई म्हणाल्या, आमच्या ओळखीत एक वर्कशॉप आहे, विचारते. ते वर्कशॉप फॅब्रिकेशनचं निघालं. सीएने ग्राहकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा करून दिला. कुणी हात आखडता घेतला नाही. पण मला त्या घडीला हवं होतं एक व्हीएमसी, आणि त्या पूर्ण हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणाकडे व्हीएमसी नव्हतं. असणारच नव्हतं. तोच तर नियम आहे!

हे जरा तपशिलात सांगतो, कारण माझं मत इथेच फिरलं. नुसतं ‘मशीन’ मिळून भागत नाही. माझे सगळे टूल होल्डर बीटी-४०, हे स्पिंडलमध्ये बसणाऱ्या निमुळत्या टोकाचं (टेपरचं) माप. समोरच्याचा स्पिंडल बीटी-३० असेल तर माझा एकही होल्डर तिथे बसत नाही. बीटी-४० असला तरी पुल स्टड (होल्डरच्या टोकाचा बोल्ट, ज्याला धरून स्पिंडल होल्डर आत ओढतो) ४५ अंशांचा की ६० अंशांचा, हे जुळावं लागतं, नाहीतर टूल नीट पकडलं जात नाही. प्रोग्रॅम फॅनुक कंट्रोलचा, आणि समोर कंट्रोल सिमेन्सचं असेल तर पोस्ट (प्रोग्रॅम त्या कंट्रोलच्या भाषेत काढणारी फाइल) बदलून नवा काढावा लागतो, पुन्हा सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ चालवून, तपासावा लागतो. म्हणजे अडचणीच्या वेळी माझ्या उपयोगाचा माणूस तोच, जो जवळपास तेच मशीन घेऊन तेच काम करतो. गटाच्या भाषेत माझा स्पर्धक.

तसा माणूस माझ्या गाळ्यापासून दोन लायनी सोडून होता. वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. एका-दोन चौकश्यांना आमची कोटेशनं समोरासमोर आलेली, त्यामुळे बोलणं बेताचंच. शुक्रवारी दुपारी जाऊन सरळ सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पुल स्टड कुठला?” ४५ म्हटल्यावर म्हणाले, “मग काय, रात्री आठनंतर मशीन मोकळं आहे. तूच येऊन चालव. माझा ऑपरेटर तुझ्या कामाला हात लावणार नाही, तुला तेच बरं.” होल्डरची ट्रॉली ढकलत नेली, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर. जी-५४ (कामाचा शून्य बिंदू) घ्यायच्या आधी त्यांनी स्वतः वाइसचा जबडा डायलने सरळ करून दिला आणि मग घरी गेले. शनिवारी रात्रीही तसंच. रविवारी असेंब्ली, सोमवारी ट्रायल वेळेवर. तासाचा दर त्यांनी बाजारभावाने लावला, एक रुपया जास्त नाही, आणि बिल दिलं. मला हे फुकटच्या उपकारापेक्षा जास्त आवडलं. हिशेब चोख असला की पुढच्या वेळी विचारायला संकोच वाटत नाही.

म्हणून ज्या नियमासाठी मी फी भरत होतो, तोच आता मला या गटाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. दीड वर्षात एकदाही त्याने माझी ऑर्डर वाचवलेली नाही. फिक्श्चर घेणारा ग्राहक गटातल्या चिठ्ठीवर येत नाही. तो ड्रॉइंग पाठवतो, तिघांकडून भाव घेतो, आधीचं काम बघतो. फोटोग्राफर, केटरर, विमावाला, घरांचे व्यवहार करणारा यांना या नियमाचा खरा फायदा होतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक ओळखीतूनच येतं आणि दुसरा शेजारी बसला तर ते वाटलं जातं. त्यांनी जरूर घ्यावा. जॉबवर्कचा धंदा उलटा आहे. कुणाचं ग्राइंडिंग, कुणाचं वायरकट, कुणाचं हार्डनिंग, सगळ्यांचे हात लागल्याशिवाय एक फिक्श्चर उभं राहत नाही, आणि कुणाचं मशीन कधी बंद पडेल सांगता येत नाही.

हे गटाच्या समितीत मांडलं. उत्तर मिळालं, नियम वरून येतो, बदलता येत नाही. निदान बदली माणूस म्हणून काकांना एका सभेला पाठवू का विचारलं, तर त्याच धंद्यातला बदली पाठवायला नको म्हणाले. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एका माणसाच्या धंद्यात मालक आडवा झाला की सगळंच आडवं. त्याची जागा घेऊ शकणारा एकमेव माणूस त्याच धंद्यातला, आणि त्यालाच दारात थांबवायचं?

इथवर लिहून ठेवलं होतं आणि ‘गट सोडला’ एवढंच जोडायचं बाकी होतं. तेवढ्यात अडकलेल्या पैशांचं काम झालं, त्यामुळे गटाच्या बाजूनेही लिहिणं भाग आहे.

एका ग्राहकाकडे माझं बिल चार महिने पडून होतं. आमच्या सीएने माझं उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) काढून बघितलं. नोंदणी २०२० च्या जुलैपासून सुरू झालेल्या सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. त्यात मी सूक्ष्म उद्योग आणि उत्पादक म्हणून नोंदलेला आहे की नाही, हे त्याने पाहिलं. नुसता ट्रेडर म्हणून नोंद असेल तर उशिरा पेमेंटचं संरक्षण लागू होत नाही. मग त्याने माझ्या इन्व्हॉइसच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदतीची ओळ कायमची घालून दिली. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर त्या वर्षात तो खर्च ग्राहकाला उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो.

उशिरा पेमेंटच्या तक्रारींसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करायला मी कचरत होतो, कारण तक्रार केली की ग्राहक पुढची चौकशी पाठवत नाही. सीएने तोडगा काढला. मार्च जवळ आला होता. त्याने ग्राहकाच्या परचेसला नाही, अकाउंट्सला मेल लिहायला लावला: उद्यम प्रमाणपत्र सोबत, बिलांची यादी आणि मुदत उलटल्याच्या तारखा. व्याजाचा शब्द नाही, धमकी नाही. ३१ मार्चच्या आत पैसे जमा झाले. परचेसवाल्याशी संबंध जसेच्या तसे.

असा सीए मला गटाबाहेर मिळाला असता का? मिळाला असता, पण दर आठवड्याला समोर बसणारा, माझं मशीन, ग्राहक, अडचणी नावानिशी माहीत असलेला नसता मिळाला. ते श्रेय गटाचं. माझ्या धंद्याबाहेरच्या कामांना, म्हणजे कर, विमा, कायदा, पॅकेजिंगला, असा गट चांगला. धंद्याच्या आतल्या अडचणीला तो उभा राहू शकत नाही.

खर्चाचंही सांगतो. वर्षाची फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, दर सभेच्या नाश्त्याचे वेगळे पैसे. नाश्त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. वर दर आठवड्याची एक सकाळ, जी व्हीएमसीवर धरली तर फीपेक्षा महाग पडते. सकाळी सात ते दहा मशीन सेटिंगसाठी सगळ्यात शांत वेळ असते हे गाळेवाल्यांना सांगायला नको.

त्या गटाऐवजी आता दुसरं काहीतरी सुरू केलंय. काका, मी आणि आसपासचे चार-पाच जण, सगळे स्पर्धक. व्हॉट्सॲपवर रोज संध्याकाळी आपापल्या मशीनचे उद्याचे मोकळे तास टाकतो. मशीन कोणतं, टेपर कोणता, कंट्रोल कोणतं, एवढंच. नियम तोंडी ठरवले होते, मग काकांच्या सांगण्यावरून कागदावर आणले. दुसऱ्याच्या ग्राहकाशी थेट बोलायचं नाही. ड्रॉइंग पाठवताना टायटल ब्लॉक (ग्राहकाचं नाव असलेला कोपरा) झाकायचा. माल डिलिव्हरी चलनावरच (मालासोबतच्या पावतीवरच) जायचा-यायचा. जॉबवर्कला पाठवलेला माल जीएसटीत वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून चलनाची फाइल प्रत्येकाने ठेवायची. पैसे १५ दिवसांत, आपापसात तरी. कायद्याची मुदत आपण ग्राहकाकडून मागतो, तर ती आपण आधी पाळली पाहिजे, यावर कुणाचं दुमत झालं नाही. अचूक मोजमापाचा रिपोर्ट लागला तर चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये आळीपाळीने एकजण सगळ्यांचे पार्ट घेऊन जातो, त्यामुळे प्रत्येकाची अर्धी पाळी वाचते.

यातही उणिवा आहेत. सगळ्यांना काम असतं तेव्हा मोकळे तास कुणाकडेच नसतात, आणि मार्चमध्ये तर हमखास नसतात. दोघांचे दर पटेनात म्हणून एकजण बाहेर पडला. आणि मी स्वतः आजारी पडलो तर प्रोग्रॅम कुठे, कुठल्या फिक्श्चरची कुठली रिव्हिजन चालू, हे अजून माझ्याच डोक्यात आहे. सध्या प्रत्येक कामाचं एक पान करतोय: सेटिंगचा फोटो, टूल लिस्ट, ऑफसेट (शून्य बिंदू) कुठून घेतला ते. ते पान वाचून काकांना माझं काम सुरू करता आलं पाहिजे, एवढीच कसोटी. दोन कामांची पानं त्यांना दाखवली. पहिल्यावर म्हणाले, “क्लॅम्प कुठे लावायचा ते लिहिलंच नाहीस.” दुसरं चाललं.

तर नूतनीकरण करत नाही. सीए आणि विमावाला माझे आहेतच, त्यांची फी मी त्यांना थेट देतो.

तुम्ही घेणार असाल तर आधी एक-दोन सभांना पाहुणे म्हणून जा, बहुतेक गट येऊ देतात. तिथे एकच प्रश्न विचारा: माझं मशीन, माझं दुकान किंवा मी स्वतः पंधरा दिवस बंद राहिलो, तर या खोलीतला कोण माझं काम पूर्ण करून देईल? सल्लागार, डिझायनर, विक्रीतले असाल तर कदाचित एखादं नाव मिळेल, मग फी वसूल आहे. जॉबवर्कवाले असाल तर फी भरण्याआधी आपल्याच लायनीतल्या त्या गाळ्यात जाऊन या, ज्याच्याकडे तुमच्यासारखंच मशीन आहे. पुल स्टड कुठला वापरतात ते विचारून ठेवा.