फ्रू डागमार हास्ट्रुप: बोंडांसाठी लावलेला गुलाब, दोन हंगामांनंतर

गुलाब लोक फुलांसाठी लावतात, मी त्याची बोंडं, म्हणजे फूल गळल्यावर धरणारी फळं, खाण्यासाठी लावला. रुगोसा गटातला हा वाण १९१४ सालचा, डेन्मार्कचा. आमची बाग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ. जमीन रेताड, वारा खारट. नाजूक गुलाब इथे रडतात, याला फरक पडत नाही. मुळात रुगोसा जपान-कोरियाकडच्या समुद्रकाठच्या वाळूतला.

रोपं हिवाळ्यात घ्या, उघड्या मुळांची. कुंडीतल्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. पहिल्या वर्षी बोंडं मोजकीच आली. दुसऱ्या वर्षी ऑगस्ट सरता सरता झुडूप लालेलाल! बोंड गोल, चपटं, चांगलं अडीच सेंटिमीटर रुंद. इथल्या कुंपणांतल्या रानगुलाबाचं बोंड लांबट आणि बारीक, त्यात गर नावालाच.

खरेदी करताना फुलांच्या फोटोंना भुलू नका. 'रोझरे द लाय' किंवा 'ब्लां दुब्ल द कुबेर' ही भरगच्च पाकळ्यांची फुलं दिसतात झकास, पण त्यांना बोंडं जेमतेम धरतात. आपल्याला हवं पाच पाकळ्यांचं साधं फूल. आणि सुकलेली फुलं खुडायची नाहीत. शेजारच्या आजींचे हात शिवशिवत असतात तरी मी कात्री देत नाही.

औषध फवारायची गरज पडली नाही, आणि फवारूही नये: रुगोसाची सुरकुतलेली पानं फवाऱ्याने करपतात. काळ्या ठिपक्यांचा रोग मात्र या पानांकडे फारसा फिरकत नाही.

तक्रारी दोन. एक, फुटवे. मुळांवरून कुठेही कोंब वर येतात, ते वरचेवर उपटावे लागतात. हा गुलाब असा पसरतो म्हणूनच फिनलंडमध्ये मूळ रुगोसा जातीच्या लागवडीवर २०२२ पासून बंदी आहे, इंग्लंडमध्येही रानात लावणं गुन्हा आहे. कलम केलेलं नको म्हणून स्वतःच्या मुळांवरचं रोप घेतलं तर हे फुटवे ओघानेच आले. निदान वर येतो तो कोंब त्याच वाणाचा असतो.

दुसरी तक्रार मोठी: आतली लव. बियांभोवतीचे ते बारीक केस म्हणजे साक्षात खाजकुइली. हातमोजे घालून बोंड अर्धं चिरायचं, छोट्या चमच्याने बिया खरवडायच्या. किलोभर बोंडांना अख्खी दुपार जाते आणि हाती गर उरतो थोडासाच. काहींत अळी निघते, ती सरळ फेकायची.

सरबत करायचं तर खरवडणं वाचतं. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा इथल्या शाळकरी मुलांनी रानातून बोंडं गोळा केली होती, क जीवनसत्त्वासाठी. त्या काळची रीत मी वापरते: बोंडं भरड वाटून उकळायची, चोथा पुन्हा उकळायचा, दोन्ही पाणी तलम कापडातून दोनदा गाळायचं, मग साखर. तांब्याचं पातेलं नको, जीवनसत्त्व लवकर जातं.

मला स्वतःला सरबतापेक्षा सार आवडतं: गराचं पाणी, गूळ, मीठ, वरून तुपात जिरं-हिंग-मिरची. मोरांबाही केला, पण खरवडायचे कष्ट पाहता तो पाहुण्यांपुरताच.

पुण्यातल्या बहिणीला फांदी हवी आहे. थंडीतलं झाड तिकडच्या उन्हाळ्यात तग धरेलसं वाटत नाही, म्हणून नाही म्हटलं. इकडे जागा आणि काट्यांची तयारी असेल तर जरूर लावा. मी या हिवाळ्यात पांढऱ्या फुलांचा 'आल्बा' आणते आहे, पण कुंपणालगत, भाजीच्या वाफ्यापासून लांब.