‘ट्यून केलेले’ स्टॅबिलायझर विकत घेताय? आधी हे वाचा

मेकॅनिकल कीबोर्डची हौस असणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. स्टॅबिलायझर म्हणजे स्पेसबार, एंटरसारख्या लांब कीला तोलून धरणारा तारेचा भाग. सोशल मीडियावर ‘ट्यून करून (तार सरळ करून), ल्यूब (ग्रीस) लावून तयार’ असे स्टॅबिलायझर विकणारे बरेच जण आहेत. त्यातल्या एकाने मला साडेतीन हजारांना गंडवलं. त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की सविस्तर सांगायलाच हवी.

माझं काम रात्रीचं, घर वन बीएचके आणि आईची झोप सावध. प्रत्येक कीखाली सायलेंट स्विच (कमी आवाजाचे) बसवले, केसमध्ये फोम घातला, तरी स्पेसबार आणि एंटर खडखडायचेच. कारण आवाज स्विचचा नव्हताच. लांब की दोन्ही टोकांना सारखी दाबली जावी म्हणून तिच्याखाली स्टॅबिलायझरची एक वाकवलेली तार असते. ती प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये सैल असली किंवा जराशी पिळलेली असली, की दर दाबाला खुळखुळते. त्यावर उपाय म्हणजे पीसीबीला (कीबोर्डच्या सर्किट बोर्डला) स्क्रूने कसायचे चांगले स्टॅबिलायझर, सरळ तार आणि योग्य ग्रीस.

विक्रेत्याने ड्युरॉक व्ही2 या स्टॅबिलायझरचा सेट देतो म्हणून सांगितलं, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांचा. सोबत क्रायटॉक्स 205 ग्रेड 0 या ग्रीसची छोटी डबी. साउंड टेस्टचा व्हिडिओही पाठवला. पैसे यूपीआयने आगाऊ घेतले.

पार्सल आलं, बसवलं आणि कीबोर्ड खरोखर शांत झाला. खरी मेख इथेच आहे. घट्ट ग्रीस भरपूर थापलं की वाकडी तारसुद्धा काही दिवस गप्प बसते. ग्रीस बाजूला सरकल्यावर एंटर पुन्हा खडखडायला लागला, स्पेसबार तर दाबल्यावर वर यायलाच रेंगाळायचा. मग सगळं उघडलं. क्रायटॉक्स पांढरं असतं, त्याला वास नसतो. टिश्यूवर आलं ते पिवळट, आणि वास थेट गॅरेजचा. जोर लावून पुसलं तर तारेचा सोनेरी रंगही टिश्यूवर उतरला, खाली गंजाचे तांबूस ठिपके. स्पेसबारची तार आरशावर ठेवून एक टोक बोटाने दाबलं, तर दुसरं टोक चक्क वर उचललं गेलं. सरळ तार काचेला सपाट टेकते.

फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, “तुम्ही उघडलंत, आता आमची जबाबदारी नाही.” त्यानंतर ब्लॉक. तो व्हिडिओही भलत्याच कुणाचा होता, नंतर जुन्या पोस्टमध्ये सापडला.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. फोन जितका लवकर जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. पण या फसवणुकीत खोट उशिरा कळते आणि तोवर पैसे पुढे गेलेले असतात. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. दुकानाकडून, बिलासह घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 ला जरूर कळवा.

स्टॅबिलायझर कोरडेच मागवा, ग्रीस वेगळं घ्या आणि स्वतः लावा. ब्रशने पातळ थर द्यायला एक संध्याकाळ पुरते. सेकंडहँड घेत असाल तर उघडी तार काचेवर ठेवून दोन्ही टोकं एकेक करून दाबल्याचा व्हिडिओ मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी दिसू दे. त्यात टाळाटाळ झाली, तर पैसे पाठवू नका.